मोटरहोमने नाशिक ते दिल्ली आणि परत: पहिल्यांदा निघणाऱ्या कुटुंबासाठी

नाशिकच्या द्वारका सर्कलवरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता नावातच आग्रा घेऊन आला आहे, त्यामुळे नाशिककराला दिल्लीची वाट शोधावी लागत नाही. धुळे, सेंधवा, इंदूर, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा आणि तिथून यमुना एक्सप्रेसवेने दिल्लीच्या वेशीवर. एका बाजूचं अंतर साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास. कारने लोक हे दोन दिवसांत उरकतात. मोटरहोमने चार दिवस धरा. गाडी उंच, जड आणि वाऱ्याला अंग देणारी असते. ताशी 70 च्या वर तिला पळवण्यात काही राम नाही. थांबे, जेवण, टोलनाके धरून दिवसाची सरासरी 50 पडते. म्हणजे साडेतीनशे किलोमीटरला सात तास, आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं तर तेवढंच अंतर झेपतं.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका: मोटरहोम दिल्लीत न्यायचं नाही, दिल्लीच्या दाराशी, ग्रेटर नोएडात ठेवायचं. पुढचं सगळं नियोजन या एका निर्णयावर उभं आहे.

कधी निघायचं

शाळांमुळे आपल्याकडे दिवाळीची सुट्टी पहिली डोळ्यांपुढे येते, आणि दिल्लीसाठी नेमका तोच काळ वाईट. पिकांचे खुंट जाळल्याचा धूर, थंड हवा, फटाके यांनी प्रदूषण वाढलं की तिथे टप्प्याटप्प्याने निर्बंध लागतात. तिसरा टप्पा लागला की बीएस-4 डिझेल चारचाकीला दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद आणि नोएडा परिसरात बंदी येते. म्हणजे मुक्कामाची जागाही त्यातच अडकली. गाडी बीएस-6 असेल तरच दिवाळीचा विचार करा. नाताळात धुकं असतं. यमुना एक्सप्रेसवेवर त्या काळात वेगमर्यादाही 100 वरून 75 वर आणतात. मे महिन्यात पत्र्याची गाडी म्हणजे भट्टी.

उरतो फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य. मुलांची थोडी शाळा बुडेल, पण रात्री पंख्यावर झोप लागते आणि राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही साधारण याच दिवसांत लोकांसाठी उघडं असतं.

वार शनिवार धरा. सोमवारी संध्याकाळी आग्रा, मंगळवारी सकाळी ताज (तो शुक्रवारी बंद), त्याच संध्याकाळी ग्रेटर नोएडा. बुधवार ते शुक्रवार दिल्ली. शनिवारी परतीला लागून पुढच्या मंगळवारी घरी. एकूण अकरा दिवस. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, अक्षरधाम ही सगळी सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार दिल्लीत येऊ द्यायचा नाही.

गाडी ताब्यात घेताना

बहुतेक कुटुंबं भाड्यानेच घेतात, आणि पहिल्या खेपेला तेच शहाणपणाचं. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली चार ते सहा जणांची गाडी पुरते. ताबा दिवसाउजेडी घ्या आणि दीड तास हातात ठेवा. आधी आरसी बुक: वाहनाच्या प्रकारात कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅरव्हॅन अशी नोंद हवी. प्रवासी व्हॅनची आरसी आणि आत पलंग-ओटा ठोकलेला, अशी गाडी घेऊ नका. आरटीओच्या मंजुरीशिवाय केलेला बदल बेकायदा असतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट पांढरी असेल तर परत फिरा. भाड्याने देण्याची गाडी व्यावसायिक नोंदणीचीच लागते आणि तिला राज्याबाहेर जाण्याचा पर्यटक परवानाही हवा.

पीयूसीची तारीख परतीच्या दिवसापर्यंत पुरते का पाहा. दिल्लीत पीयूसी नसेल तर पंपावर इंधन नाकारलं जाऊ शकतं. दहा वर्षांवरची डिझेल गाडी तर दिल्लीच्या दिशेने काढूच नका. तिच्याबद्दलचे आदेश इतक्यांदा बदललेत की रस्त्यात हुज्जत घालण्यातच दिवस जाईल. भाड्याच्या करारात रोजच्या किलोमीटरची मर्यादा असते. तुमचे एकूण 2,700 होतील. अकराने भागून मालकाशी आधीच बोलून घ्या.

फास्टॅग कोणत्या वर्गाचा आहे हेही विचारा. कार-जीपचा टॅग मिनीबसच्या आकाराच्या गाडीवर लावलेला असला की नाक्यावर वाद ठरलेला. टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट टोल बसतो. वार्षिक पास फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला मिळतो. भाड्याच्या मोटरहोमला तो धरू नका.

आता टेप काढा आणि गाडीची उंची मोजा. छतावरचा एसी, सोलर पॅनल, जे काही सर्वांत वर असेल तिथपर्यंत. समजा 2.9 मीटर आली, तर कागदावर मोठ्या अक्षरात «9 फूट 6 इंच» लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. कारण कमानींवरची उंची कधी फुटांतही लिहिलेली असते आणि त्या क्षणी गुणाकार सुचत नाही. हॉटेलांची पार्किंग, पंपांची जुनी शेडं, गावातले रेल्वे बोगदे, जिथे शंका तिथे एकाने उतरून वर बघायचं.

वजन

नवख्यांचं गणित इथे हमखास चुकतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. पाच माणसं तीनशे. सामान, शिधा, भांडी, पांघरुणं मिळून सव्वाशे सहज. बॅटऱ्या आणि सिलिंडर आहेतच. अंबडच्या किंवा सातपूरच्या एमआयडीसीजवळ वजनकाट्यावर पूर्ण भरलेली गाडी घ्या, सगळ्यांना आत बसवून. आधी पूर्ण गाडीचं वजन, मग फक्त मागची चाकं काट्यावर. आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा आकडा निदान शंभर किलो खाली हवा, कारण दिल्लीहून रिकाम्या हाताने कोणी येत नाही. मागच्या चाकांवर फार भार असेल तर पुढचं टोक हलकं होतं आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं. डाळ-तांदूळ आणि पाण्याचे जार गाडीच्या मध्यावर, खाली ठेवा.

टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरनुसार, सकाळी गाडी थंड असताना. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: 2322 म्हणजे 2022 सालचा 23 वा आठवडा. अशा गाड्या उभ्या फार राहतात, त्यामुळे नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र आतून वाळलेलं असतं. सहा वर्षांवरचा टायर असेल तर बदलून मागा.

पाणी, गॅस, वीज

पाण्याची टाकी निघण्याच्या दोन दिवस आधी धुवा. शंभर लिटर पाण्यात 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट 100 मिली टाका, प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडा, चार तास तसंच ठेवा, मग दोनदा भरून रिकामी करा. हे पाणी भांडी आणि हातपायांसाठी. पिण्याचे 20 लिटरचे दोन जार वेगळे. पाच जणांना आंघोळीशिवाय शंभर लिटर एक दिवस पुरतं. आंघोळ मुक्कामाच्या जागी बादलीने करायची. गाडीतला शॉवर दिसायला छान असतो, एवढंच.

पाणी भरायला 15 मीटरचा खाद्य दर्जाचा पाइप, अर्धा आणि पाऊण इंची दोन्ही जोडण्या आणि दोन-चार क्लिपा घ्या. ढाब्यावरच्या नळाला आटे असतीलच असं नाही. तिथे क्लिपच कामाला येते.

गॅससाठी घरगुती लाल सिलिंडर उचलून न्यायचा नाही. 5 किलोचा छोटा सिलिंडर पंपांवर आणि एजन्सीत मिळतो, पाच माणसांना चार दिवस चहा-स्वयंपाकाला पुरतो. तो उभाच, पट्ट्याने बांधलेला. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली की गॅस खाली फरशीवर साचतो; म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक असलंच पाहिजे. ते चिंधी किंवा चिखलाने बुजलेलं नाही ना, हात घालून पाहा. गळती तपासायला वाटीत साबणाचं दाट पाणी करा, रेग्युलेटर ते शेगडी प्रत्येक जोडावर ब्रशने लावा आणि शेगडी बंद ठेवून सिलिंडर उघडा. बुडबुडा फुगत गेला तर तो जोड गळतोय. साधा फेस नुसता विरतो, गळतीचा बुडबुडा जागच्या जागी वाढत जातो. फरक अर्धा मिनिट डोळा लावून बसलं तरच कळतो. काडी लावून कोणी तपासू नये. गाडी चालू असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह कायम बंद. स्वयंपाक करताना छताची झडप आणि एक खिडकी उघडी. दाराजवळ 2 किलोचं अग्निशामक ठेवा, आणि ते कसं वापरायचं हे आजीलाही दाखवून ठेवा.

विजेचं गणित सोपं आहे. 12 व्होल्ट, 200 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट. फ्रिज दिवसाला अर्धं युनिट, दोन पंखे रात्रभर साधारण पाव ते एक तृतीयांश युनिट, दिवे-मोबाइल तेवढेच. असं चालवलं तर दोन रात्री निघतात. एसी लावला की दोन तासांत खेळ खलास. साध्या ट्युब्युलर बॅटऱ्या असतील तर लिहिलेल्या क्षमतेच्या निम्मीच वापरायला मिळते असं धरा. इंडक्शन शेगडी बॅटरीवर लावू नका: 1,800 वॅट 12 व्होल्टवर ओढायचे तर दीडशे अँपिअर लागतात, आणि तारा त्या जाडीच्या क्वचितच असतात. बाहेरून वीज घ्यायला 20 मीटरची, अडीच चौरस मिमीची तीनतारी केबल आणि 15 अँपिअरचा प्लग. केबल पूर्ण उलगडायची; गुंडाळी तशीच ठेवून भार टाकला तर आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. बोर्डाला अर्थिंग आहे का, हे तपासणारा छोटा प्लग टेस्टर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, तो जवळ असू द्या.

संडासाची टाकी

कोणी आधी सांगत नाही, आणि दुसऱ्या दिवशी हाच सर्वांत मोठा प्रश्न होतो. कॅसेट, म्हणजे संडासाखालची काढता येणारी टाकी, साधारण 20 लिटरची असते. पाच माणसांनी मोकळेपणी वापरली तर दीड दिवसात भरते. म्हणून नियम: दिवसा पंपावरचं किंवा ढाब्यावरचं, रात्री आणि अडीनडीला गाडीतलं. असं केलं की दोन रात्री जातात.

आपल्याकडे कॅसेट रिकामी करायची खास सोय महामार्गावर नाही. मोठ्या पंपाच्या किंवा मुक्कामाच्या जागेच्या देशी संडासात ती ओतावी लागते, विचारूनच. हातमोजे घाला, नळी खाली करून हळू ओता, हवेचं बटण दाबून धरा. नाहीतर गडगड होऊन पाणी अंगावर येतं. मग दोन बादल्या पाणी, आणि त्या संडासाची फरशी आपण धुवून निघायचं. पुढच्या मोटरहोमवाल्याला «हो» म्हणणार की «नाही», हे त्या फरशीवर ठरतं. औषध फॉर्मल्डिहाइडचं घेऊ नका, ते सेप्टिक टाकीतले जिवाणू मारतं. जैविक पावडर मिळते ती वापरा. भांड्यांचं सांडपाणीही रस्त्यावर सोडायचं नाही. त्याच्या नळाचं बूच रोज सकाळी बघा, खड्ड्यांनी ते सैल होतं.

सरावाची रात्र

आठवडाभर आधी एक रात्र सापुतारा. नाशिकहून 80 किलोमीटर, वणीवरून, आणि घाटही मिळतो. मागे घेताना एक जण खाली उभा राहून आरशात दिसेल असा सांगतो, गाडी समपातळीत आणायला दोन इंची लाकडी फळ्या चाकाखाली घ्यायच्या, उतारावर चाकांना गुटके लावायचे, हे सगळं तिथे हाताखालून जाऊ द्या. काय खडखडतं तेही कळतं. स्टीलच्या डब्यांमध्ये नॅपकिन घातले की निम्मा आवाज जातो.

रोज निघताना गाडीभोवती एक फेरी मारायची, नेहमी त्याच दिशेने: वीजकेबल काढली, पायरी आत, बाजूची कापडी सावली गुंडाळली, छताची झडप बंद, गॅस बंद, कप्प्यांच्या कड्या, फ्रिजचं दार, गुटके उचलले. पायरी आणि झडप या दोनच गोष्टी लोक पुन्हापुन्हा विसरतात. चालत्या गाडीत सगळे पट्टा लावून बसलेले. पलंगावर झोपून प्रवास नाही, मूल कितीही रडलं तरी.

वाट

पहिला दिवस नाशिक ते महेश्वर, साडेतीनशे किलोमीटर. पहाटे सहाला निघा. चांदवड सोडल्यावर राहुड घाट मालेगावकडे उतरतो, पुढे धुळ्याच्या अलीकडे लळिंगचा उतार. शिरपूरनंतर पळासनेर ओलांडून बिजासन घाटाची चढण लागते. जड गाड्या रांगेने रांगत असतात, डावी लेन धरून त्यांच्यामागेच चढा. खलघाटला नर्मदा ओलांडली की धामनोदहून महेश्वरला वळायचं. अहिल्यादेवींची ही राजधानी, तेव्हा दिल्लीआधी एक राजधानी वाटेतच बघून होते. गाडी घाटाच्या गल्ल्यांत घालू नका, बाहेर ठेवून चालत जा.

दुसरा दिवस महेश्वर ते गुना, पावणेचारशे. इंदूर आणि देवास बायपासनेच काढा. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीचा मोह झाला तर गाडी बाहेर ठेवून रिक्षाने जा, पण मग तो दिवस इंदुरातच संपला समजा. बियावरानंतर रहदारी विरळ होते आणि मोकाट गुरं वाढतात.

तिसरा दिवस गुना ते आग्रा, 335. शिवपुरी, ग्वाल्हेर, मोरेना, मग चंबळचा पूल. ग्वाल्हेरचा किल्ला पाहायचा तर परतीत पाहा, तेव्हा मुक्कामच तिथे आहे. आग्र्यात ताजच्या आसपासच्या 500 मीटरमध्ये इंधनावरच्या गाड्यांना मज्जाव आहे; शिल्पग्रामच्या वाहनतळावर गाडी लावून पुढे बॅटरीची गाडी. खिडक्या बंद ठेवा, माकडं आत येतात.

चौथा दिवस यमुना एक्सप्रेसवे. 165 किलोमीटर सपाट काँक्रीट. इथे धोका कंटाळ्याचा आणि टायरचा: तापलेल्या काँक्रीटवर हवा कमी असलेला टायर फुटतो. अर्ध्या वाटेत थांबा, हाताच्या पालथ्या बाजूने चारही कोपऱ्यांचे टायर चाचपा; एखादा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागला तर त्यात हवा कमी आहे.

डिझेल लिटरला 9 किलोमीटर धरून जाऊन-येऊन 300 लिटर लागेल. गाडीला डीईएफ (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) लागत असेल तर 12 ते 15 लिटर. ते संपू दिलं तर इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. पंप निवडताना भाव नव्हे, वळायला जागा बघा.

मुक्काम पर्यटन महामंडळांची निवासस्थानं, मोठी हॉटेलं किंवा वर्दळीचे पंप इथेच. आदल्या दिवशी फोन करून «गाडी 9 फूट 6 इंच उंच, 20 फूट लांब, एक प्लग आणि पाणी हवं» असं सांगायचं. मोटरहोम म्हटलं की पलीकडचा माणूस गोंधळतो; टेम्पो ट्रॅव्हलर म्हटलं की लगेच समजतो. जागा कुठलीही असो, तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा.

दिल्लीचे तीन दिवस

एक्सप्रेसवे संपतो तिथेच परी चौक आणि तिथेच मेट्रो. ग्रेटर नोएडात प्रशस्त आवाराचं हॉटेल बघून एक खोली घ्या. आंघोळी, कपडे, कॅसेट, चार्जिंग सगळं एकदम मार्गी लागतं. परी चौकातून ॲक्वा लाइनने नोएडा सेक्टर 51, थोडं चालत सेक्टर 52, तिथून ब्लू लाइनने राजीव चौक. दीड तास धरा. दोन्ही मेट्रो वेगळ्या संस्थांच्या आहेत, तिकिटाचं आधीच बघा. लाल किल्ल्याला त्याच नावाचं स्टेशन आहे, राष्ट्रपती भवनाला केंद्रीय सचिवालय जवळ. राष्ट्रपती भवनाची भेट आधी ऑनलाइन नोंदवावी लागते. दुसऱ्या दिवसापासून मुलांना वरणभात आठवतो. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनाचं उपाहारगृह त्यावर इलाज आहे.

परत येताना

येताना रस्ता तोच, पण घाट उलटे होतात. जाताना चढलेले इंदूरपुढचा गणपती घाट आणि बिजासन आता उतरायचे असतात, गाडी खरेदीने जड झालेली आणि चालवणारा दहा दिवसांचा दमलेला. मानपूर ते धामनोदचा गणपती घाट अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. आता पर्यायी रस्ता झाला आहे, फलक बघत चला. उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा किंवा तिसरा गिअर टाका, ज्या गिअरने चढलात त्याच्याच आसपास. न्यूट्रल कधीही नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर पट्ट्या तापतात, तापल्या की धरत नाहीत, आणि पॅडल दाबूनही वेग उतरत नाही. ब्रेक थोडा जोरात मारायचा, वेग 40 वरून 30 वर आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा. जळक्या रबरासारखा वास आला तर सुरक्षित जागी बाजूला लावा, गुटके टाका, हँडब्रेक ओढू नका आणि रिमवर पाणी ओतू नका. गरम डिस्कला तडा जातो. अर्धा तास थांबलं की काम होतं.

टप्पे असे: शनिवारी ग्वाल्हेर, रविवारी बियावरा, सोमवारी गणपती घाट दिवसाउजेडी उतरून महेश्वर, मंगळवारी घर. धुळ्यात आलं की सगळ्यांना घर दिसू लागतं आणि रात्रीच गाठू असं ठरतं. संध्याकाळी पाचनंतर धुळ्यात असाल तर राहुडची चढण ट्रकांच्या रांगेत अंधारात करावी लागेल, याचा विचार करून ठरवा.

घरी पोचल्यावर त्याच दिवशी कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करून धुवा; रात्रभर राहिलं तर वास रबरात मुरतो आणि अनामत रक्कम कापली जाते. पाण्याची टाकी उपसा, सगळे नळ उघडे सोडा, फ्रिज पुसून दारात फडका अडकवून थोडा उघडा ठेवा, सिलिंडर बाहेर काढा. टॅगवर किती कापलं गेलं ते मालकासमोर उघडून बघा आणि किलोमीटरचा आकडा दोघांनी मिळून फोटोत घ्या.